चोवीस रिंगांचे छत

बुधवार, दिनांक ९ मे २०१२. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. छताच्या बाहेरच्या कडेला पितळी रिंगा चोवीस. डावीकडून सुरुवात करून मी एकेका रिंगेपाशी कापडाला तीन-तीन हिसके दिले, वहीत चोवीस खुणा केल्या आणि खाली सही केली.

"सही कुणाला दाखवायची आहे?" ट्रेलरच्या खिडकीतून कुमुदने विचारले.

"कुणाला नाही. पण सही असली म्हणजे तपासणी झाली, हे ठरते."

"आणि नसली तर छत पडतं का?"

मी वही मिटली. साखर कारखान्याच्या देखभाल विभागात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येते. परंतु ते बायकोला पटत नाही, हेही त्याला बत्तीस वर्षांत कळलेले असते.

तो ट्रेलर मी स्वतः बांधला होता. निवृत्तीनंतरची दोन वर्षे, घरामागच्या शेडमध्ये. लांबी बारा फूट, रुंदी सहा, वजन नऊशे दहा किलो. आत एक पलंग, एक ओटा, एक खिडकी पूर्वेला आणि एक पश्चिमेला. पश्चिमेच्या अंगाला दार आणि दारावर चौदा फूट बाय आठ फुटांचे कॅनव्हासचे छत. मार्चमध्ये कुमुदच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. भूल उतरल्यावर ती पहिले वाक्य बोलली ते असे : "आता मला तुमचा तो डबा समुद्रापाशी न्या. शेडमध्ये बघून बघून कंटाळा आला." डॉक्टरांनी सात आठवड्यांनी परवानगी दिली. आठव्या आठवड्यात आम्ही विजयदुर्गच्या अलीकडच्या सड्यावर होतो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. झाड नाही, आडोसा नाही. खाली समुद्र आणि वर वारा. जागा माझ्या एका सहकाऱ्याची. तिच्या पूर्वेच्या टोकाला सोडून दिलेली चिरेखाण होती, दोन पुरुष खोल, कापलेल्या भिंतींची. खाणीच्या कडेचा जांभा यंत्राने कापल्यामुळे पाटासारखा सपाट झालेला होता. मी त्यावर पातळी मोजण्याची नळी ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. एवढ्या मोठ्या पठारावर तशी जागा दुसरीकडे कुठेही मिळाली नाही, म्हणून ट्रेलर तिथे उभा केला. खाणीची कड चाकांपासून सात फुटांवर होती. मी मोजली होती.

"बुडबुडा मधोमध आला म्हणजे झालं?" कुमुद म्हणाली होती. "ती खाण दिसत नाही का तुम्हाला?"

"सात फूट आहे."

"सात फूट!" ती म्हणाली. "माझा वॉकर एकदा घसरला तर चार फूट जातो."

ट्रेलर पातळीत उभा राहावा म्हणून मी जीपही सोडून थोडी दूर लावली होती.

छताच्या बाबतीत मात्र मी कुणाचे ऐकले नव्हते. कापड विश्राम कोयंडे यांनी शिवले होते. कोयंडे हे त्या खाडीकाठचे जुने शीड शिवणारे. शिडाची गलबते गेली तसे त्यांच्या हाती मांडवांची आणि ट्रकच्या ताडपत्र्यांची कामे आली. वय सत्त्याहत्तर. डोळ्यांवर जाड भिंगे, आणि सुई मात्र त्या भिंगांशिवाय ओवायचे. कॅनव्हास उत्तम, शिवण दुहेरी, खांबाला घासेल तिथे चामड्याचे तुकडे. फक्त एक गोष्ट मला खटकली. कापडाची बाहेरची कड लोखंडी आडव्या नळीला बांधण्यासाठी त्यांनी प्रत्येक रिंगेत साधे सुती दोरे घातले होते. हाताने ओढले तर तुटणार नाहीत, पण दोन माणसांनी लोंबकळावे इतकीही त्यांत ताकद नव्हती.

"हे कसले दोरे?" मी त्यांना विचारले होते.

"सुताचे, सायबानू. कडेक तेच घालतत."

"माझ्या छताला नकोत."

त्यांच्यादेखत मी चोवीस दोरे कापून काढले आणि प्रत्येक रिंगेत आठ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी बांधली. उन्हाने नायलॉन कुजते, म्हणून त्या गाठींवर कापडाची झालर शिवून घेतली. खांबांसाठी जांभ्यात खुंट्या ठोकल्या जात नाहीत, म्हणून छिद्रणयंत्र आणून दगडात छिद्रे पाडली आणि फुगणारे बोल्ट बसवले. सहा बोल्ट, प्रत्येकी बारा मिलिमीटर. कापड रोज सायंकाळी गोड्या पाण्याने धुऊन खार उतरवायचा, पूर्ण सुकल्याशिवाय घडी करायची नाही, गाठी दररोज तपासायच्या, दर शनिवारी शिवणीवर मेण फिरवायचे, असा क्रम मी लिहून दाराला चिकटवला. ताशी नव्वद किलोमीटर वाऱ्याचा हिशोब मांडला होता. कापड, दोरी, नळी, बोल्ट : एकही कच्चा दुवा ठेवलेला नव्हता.

 कोयंड्यांनी कापून टाकलेल्या दोऱ्यांकडे पाहिले आणि पिशवी उचलून ते गेले. त्यानंतर मी पाहिले नाही की ते दोरे कुणी उचलले.

त्या बुधवारी, माझी सही होऊन पाच-दहा मिनिटे झाली असतील, कोयंडे पुन्हा आले. हातात टोपली, टोपलीत आंबे.

"वयनींक आणलंय," ते म्हणाले. "पाय कसो आसा?"

"पाय छान आहे, विश्रामभाऊ," कुमुद आतून म्हणाली. "काल वीस मिनिटं उभी राहिले. विचारा यांना, लिहून ठेवलंय."

ते खरे होते. व्यायामाच्या तज्ज्ञ बाईंनी तिला रोज काही मिनिटे आधाराने उभे राहायला सांगितले होते. मी वेळापत्रक केले होते. सकाळी मी गावातून पाणी आणायला जीप घेऊन जाई तेव्हा तिने छताखाली नळीला धरून उभे राहायचे आणि मी परत आलो की किती वेळ झाला ते सांगायचे. पहिल्या दिवशी चार मिनिटे. मग सात. मग बारा, पंधरा, अठरा आणि वीस. आलेख सरळ वर जात होता. वेळापत्रकाचा हा परिणाम आहे, असे मी त्यांना अभिमानाने सांगितलेही.

कोयंड्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते समुद्राकडे पाहत होते.

"सायबानू, पश्चिमेक बघा. ता काळा दिसता ता बरा नाय."

क्षितिजावर एक निळी-काळी पट्टी होती. सकाळपासून होती. मी तसे म्हणालो.

"सकाळी होती ती झोपलेली होती. आता उठली." त्यांनी नाक वर केले. "छत घेवा काढून."

"काढायला चोवीस गाठी सोडाव्या लागतात. अठरा मिनिटे लागतात. मी मोजली आहेत. आणि ते आवश्यक नाही. नव्वद किलोमीटरपर्यंत—"

"वाऱ्याक जावक वाट खय ठेवलात तुमी?"

"वाट ठेवायची नाहीच. कापड हलले तर घासते, घासले तर फाटते."

ते हसले नाहीत, वादही घातला नाही. फक्त विचारले, "वयनी आतच आसत मा?"

"आत आहे. विश्रांतीची वेळ आहे तिची. चार ते पाच."

"तेंका भायर घेवा, सायबानू. आधी तेंका."

मी घड्याळ पाहिले. चार चोवीस. ट्रेलरच्या पायऱ्या तीन. कुमुदला उतरवायचे म्हणजे खाली लाकडी पेटी ठेवायची, तिचा डावा हात माझ्या खांद्यावर, आधी बरा पाय, मग दुखरा. सात मिनिटे. मी पेटी आणायला वळलो आणि त्याच क्षणी वारा पूर्ण थांबला. सड्यावर गेले आठ दिवस एक क्षणही न थांबलेला वारा थांबला. गवताचे पाते हलेना. कोयंडे एकच शब्द बोलले, "आयलो."

तो आला तो आवाजाच्या आधी आला. छत खालून फुगले. चौदा फुटांचे कापड एका श्वासात पोटासारखे वर उठले, आणि माझ्या गाठी, माझी नळी, माझे बोल्ट यांनी त्याला जागच्या जागी घट्ट धरून ठेवले. काही तुटले नाही. काही फाटले नाही. सर्व काही हिशोबाप्रमाणे टिकले. आणि म्हणूनच ते शीड झाले.

ट्रेलर करकरला. मी खाली पाहिले. पश्चिमेचे चाक आणि सड्याचा दगड यांच्यात उजेड दिसत होता. आधी एक बोट. मग दोन.

मला त्या क्षणी आकडे आठवले नाहीत. फक्त पूर्वेची बाजू आठवली. पलंग पूर्वेला होता. खाण पूर्वेला होती. सात फूट. उभा ट्रेलर साडेसात फूट उंच.

"कुमुद!" मी ओरडलो. "पलंगावरून खाली ये! पश्चिमेच्या भिंतीला, दाराकडे! बसत बसत ये!"

"काय होतंय?" तिचा आवाज. "भांडी पडतायत हो सगळी!"

"भांडी सोड! दाराकडे!"

मी पायरीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि त्याला लोंबकळलो. माझे वजन एकसष्ट किलो. शेजारी आणखी कुणीतरी लोंबकळले. ते कोयंडे होते. त्यांचे फार तर अठ्ठेचाळीस. आमच्या दोघांच्या मिळून एकशे नऊ किलोंकडे वाऱ्याने पाहिलेही नाही. चाकाखालचा उजेड चार बोटे झाला. आतून काचेचे काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कुमुद म्हणाली, "आंब्यांची टोपली आत नाही ना आली?" हे ती खरोखरच म्हणाली. नंतर मी तिला याबद्दल कधी विचारलेले नाही.

माझ्या खिशात चाकू होता. तो काढला, परंतु एक हात सुटताच ट्रेलर आणखी उचलला गेला. आणि गाठी होत्या आठ फूट लांब, झालरीखाली झाकलेल्या. मीच झाकलेल्या. हात पोहोचत नव्हता.

"सायबानू, नका सोडू!" कोयंडे ओरडले. "जरा दम धरा! जरा!"

दम कशासाठी धरायचा, ते मला समजले नाही. तुटावे असे तिथे काहीच कच्चे नव्हते.

मग कुठेतरी डाव्या कोपऱ्यात 'टप्' असा आवाज झाला. लहानसा, पिकलेले फळ पडावे तसा. पाठोपाठ दुसरा. मग ते इतक्या वेगाने आले की मोजता आले नाहीत, कोणीतरी कापडाची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत नेल्यासारखे. छताची बाहेरची कड सुटली, कापड आमच्या डोक्यांवरून उलटे गेले आणि ट्रेलरच्या टपावरून पूर्वेला फडफडत राहिले. बाहेर नळी आणि तीन खांब जिथल्या तिथे उभे होते, सहाही बोल्ट दगडात घट्ट, आणि त्यांच्यामध्ये काहीही नव्हते. वारा त्यातून निघून गेला.

पश्चिमेची चाके धाडकन खाली बसली.

मी दांडा सोडला नाही. बोटे उघडत नव्हती. कोयंड्यांनी ती एकेक करून सोडवली, गाठ सोडवावी तशी. पावसाची सर आली, दहा मिनिटे कोसळली आणि समुद्रावरून आली तशी जमिनीवर निघून गेली. दार उघडले तर कुमुद दाराला पाठ लावून, पाय सरळ पसरून बसलेली. कपाळावर हळद सांडलेली, मांडीवर स्टीलचा डबा.

"लागलं का?" मी विचारले. 

"नाही." तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिले. "तुटले का? सगळे?"

"काय तुटले?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून घेतले. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती. मग रडलीही. दोन्ही एकदम चालले होते.

आम्ही तिला उतरवले. पेटी, खांदा, आधी बरा पाय, मग दुखरा. सात मिनिटांऐवजी तीन लागली. तिला जीपमध्ये बसवून मी नळीपाशी आलो. मनात अजूनही एकच विचार होता, आणि तो सांगताना आज मला लाज वाटते : आठ मिलिमीटरचे नायलॉन तुटलेच कसे? माल निकृष्ट असावा. दुकानदाराला पत्र लिहावे.

नळीला दोऱ्यांची टोके लोंबत होती. मी एक हातात घेतले. ते नायलॉन नव्हते. पांढरे, पिळदार, टोकाशी फुलासारखे उसवलेले सूत होते. दुसरे पाहिले. तेही. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. सगळे तेच.

मी कोयंड्यांकडे पाहिले.

"माझ्याकडे कित्याक बघतास?" ते टपावरचे कापड खाली ओढत म्हणाले. "दोरो माझो आसा. हात माझो न्हय." आणि त्यांनी हनुवटीने जीपकडे खूण केली.

मी जीपपाशी गेलो. कुमुद आंबा चोखत होती.

"रोज चार," ती म्हणाली. मी काही विचारण्याआधीच. "तुम्ही पाण्याला गेलात की. सहा दिवस."

"उभे राहण्याचा व्यायाम..."

"मग? नुसतं नळीला धरून काय उभी राहू? तुमच्या गाठी कापायच्या, भाऊंच्या घालायच्या. पहिल्या दिवशी एका दमात एकही होईना. बसत, उठत, पुन्हा बसत चार केल्या. हळूहळू हात बसला. झालर होती वर, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. रोज सही मात्र करत होतात."

मी नळीकडे वळून पाहिले.

"तुम्ही फेकलेले दोरे कापलेले होते, कामाचे नव्हते. ते उचलून भाऊंना परत द्यावेत म्हणून त्यांना निरोप धाडला, तर त्यांनी सुताची नवी गुंडी आणून दिली. म्हणाले, माझ्या बापाशीन असाच शिकयल्यान. शिडाची कड कच्च्या दोऱ्यानं बांधायची. वारा अंगाबाहेर गेला की दोरा आधी जायला हवा, नाहीतर डोलकाठी जाते." तिने तोंड पुसले. "मला ते लगेच पटलं."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"मी?"

"आपल्या पहिल्या दिवाळीला. ताटावर बसून. ऊस वाहणाऱ्या पट्ट्यात ओंडका अडकला, पण मधली ती नरम लोखंडाची पिन तुटली म्हणून यंत्र वाचलं. ती पिन मुद्दाम कमकुवत ठेवतात, म्हणालात. कुणीतरी नव्या माणसानं तिथं पोलादी पिन घातली तर त्याला तुम्ही आठवडाभर बोललात. तीस वर्षं ती गोष्ट ऐकते आहे मी. दर दिवाळीला. पाहुण्यांसमोर." ती थांबली. "आणि मग तुम्ही स्वतःच पोलादी पिन घातलीत. माझ्या डोक्यावर."

तंत्रनिकेतनात यंत्ररचनेच्या पेपरात मला ऐंशी गुण होते. तो प्रश्न त्यात होता.

"मग मला सांगितले का नाहीस?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर तुम्ही हिशोब दाखवला असता." तिने कोय खिडकीतून लांब फेकली. "आणि मला तो समजला नसता. मग मी गप्प बसले असते."

कोयंडे कापड घेऊन आले. खांद्यावर टाकले होते, भिजून जड झालेले. त्यांनी ते माझ्यापुढे सड्यावर पसरले आणि गुडघ्यांवर बसून कडेवरून हात फिरवत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भिंगे कपाळावर सरकवून.

"रिंग एकव निखळूक नाय," ते म्हणाले. "सुकवा बरा करून. ओल्या घडी घालशात तर बुरसो धरतलो."

"दाराला लिहून लावलंय," कुमुद गाडीतून म्हणाली. आणि आम्ही तिघेही हसलो. मी सर्वात उशिरा थांबलो.

दुसऱ्या दिवशी मी जीपने ट्रेलर सड्याच्या पश्चिम टोकाला नेला. तिथे बुडबुडा मधोमध येत नव्हता. मी चाकाखाली एक फळी सरकवली आणि तेवढ्यावर समाधान मानले. मग कोयंड्यांनी मला सुताची गाठ शिकवली. ती हाताच्या एका झटक्याने सुटते, आणि ताण मर्यादेपलीकडे गेला की दोरा गाठीजवळच तुटतो. मला ती जमायला दोन तास लागले. कुमुद छताखाली खुर्चीत बसून चुका सांगत होती.

विश्राम कोयंडे पुढे सहा वर्षांनी गेले. ते छत अजून आहे. कापड दोन ठिकाणी विटले, चामड्याचे तुकडे तीनदा बदलले. दर एप्रिलमध्ये मी त्याला नवे सूत घालतो. कुमुद तपासते, आणि वहीत सही आता तिची असते. त्या दिवशीची नोंद मी संध्याकाळी, कापड सुकत असताना, तिच्यासमोर लिहिली. तपासणी चार वाजून दहा मिनिटांनी, असे वर होतेच. त्याखाली वाऱ्याचा वेग लिहायला मी जागा सोडली होती. ती रिकामीच राहिली. आत माणूस एक, सुखरूप. रिंगा चोवीस. दोरे तुटले, चोवीस.